पाचव्या दिवसाचा आकडा

अकोला,
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

चंदा,

पाकिटाच्या मागं नाव पाहून तू न उघडताच फेकलं असतं, म्हून नाव टाकलंच नाई. फोन तं त्वा ऑगस्टातच बंद केला माह्यासाठी. आमच्या गजेंद्रच्या फोनवरून लावला, तं माह्या पायी नवऱ्याचाही नंबर गेला. आता पोस्ट राहिलं. पोस्टमनले तू काही बंद करू शकत नाई.

शुद्ध भाषेत लिहावं असं मनात होतं. दोन ओळी लिहिल्या, वाचल्या, तं लॅबचा रिपोर्टच वाटला. सतरा वर्षं शुद्ध लिहून लिहूनच जे व्हायचं ते झालं. आता आपण टेबलावर डबा खाताना बोलत होतो तसंच लिहिते.

म्या नोकरी सोडली. काल राजीनामा दिला. नोटीस या महिन्याची, शेवटचा दिवस सत्तावीस तारीख. त्याच दिवशी नितेश माहा एक्झिट इंटरव्ह्यू, जाणाऱ्या माणसाची ती शेवटची विचारपूस, घेणार आहे. तोच एचआरचा नितेश, ज्यानं तुहा घेतला होता. खोलीही तीच, काचेची.

काहून सोडली विचारशील. नाई विचारणार, पण मी सांगते. तुह्या टेबलावर आता अपेक्षा नावाची पोरगी बसते. तेवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली. हात साफ आहे तिचा. तिनं उन्हाळी सोयाबीनचे दाणे लावले होते. पाचव्या दिवशी उत्तमराव साहेब आले, दारातूनच म्हणे, 'ट्रक उभा आहे. पाहून घ्या.' अन् गेले.

तुले काय सांगायचं त्या 'पाहून घ्या'चं. आपलं काम केवढं होतं? शंभर-शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, आठ दिवस ठेवायचे, आठव्या दिवशी उघडून चांगले कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तं थैली बाजारात जाते, नाई आले तं नाई जात. पण ट्रक पाचव्या दिवशी येते. अन् साहेब कधी 'आकडा टाका' म्हणत नाई, 'खोटं करा' तं जन्मात म्हणत नाई. 'पाहून घ्या' म्हणते अन् चालला जाते. मग पाहून घेणारी बाई पाहून घेते.

अपेक्षानं माह्याकडं पाह्यलं. म्या सांगतलं, आठवा दिवस येऊ दे. ती हो म्हणाली. जेवणाच्या सुट्टीनंतर रजिस्टर पाह्यलं तं आकडा भरलेला होता, खाली तिची सही. ती मान खाली घालून कागद कापत बसली होती. मी रागावली नाई. कोणत्या तोंडानं रागावू? घरी आली अन् राजीनामा लिहिला.

सत्तावीसले मी बोलणार आहो. तो गेल्या मेमधला आकडा तुहा नव्हता, हे मी नितेशले लेखी देणार. तुह्या फाइलीत 'गंभीर निष्काळजीपणा' असे दोन शब्द आहेत, ते निंगाले पाह्यजे. माफी मागून नाई राहिली. त्याले तोंड लागते. फक्त कळवून राहिली.

दीपमाला

(ताई लिहिणार होती. हात थांबला.)


अकोला,
गुरुवार, १२ फेब्रुवारी

चंदा,

उत्तर आलं नाई, ते येणार नव्हतंच. पण त्वा पाकीट वापसही नाई पाठवलं, तेवढ्यावर मी खूश आहो. पाह्य, माणूस कायच्यावर खूश होते.

आपल्या लॅबची बेबीताई, झाडू मारता मारता साऱ्या वऱ्हाडाच्या खबरा ठेवते, तुह्या नात्यातलीच ना ती. ती काल सांगत होती का तू आता अमरावतीच्या राजापेठेत नवऱ्यासंग, सहदेवभाऊसंग, फुलांच्या दुकानावर बसते. शेवंतीचे हार करते. म्हणे, 'चंदाचे हात पाह्यले का मॅडम, सुई टोचून टोचून चाळणी झाले.' मी म्हटलं नाई पाह्यले. जे हात एका नजरेत सांगत होते का हा दाणा फसवते अन् हा उगवते, ते हार ओवून राहिले. फुलाच्या धंद्याले मी हलकं नाई म्हणत. तुह्या सासऱ्यानं त्याच्यावरच घर केलं. पण तुहं काम ते नव्हतं.

अन् दुसरी खबर तिनं दिली, ती ऐकून मी खुर्चीवर बसलीच. अमरावतीले नवी बियाण्याची लॅब निंगाली, त्याईनं तुले पसंत केलं, फक्त जुन्या कंपनीकडून मार्चमध्ये लेखी विचारणा करणार. म्हणजे विचारणा आली का नितेश तुही फाइल उघडीन, ते दोन शब्द वाचीन अन् तसेच तिकडं पाठवीन. मग झालं. एका लॅबनं नाकारलं का विदर्भात दुसरी कोणी घेत नाई, सारे एकमेकाईले ओळखतात.

म्हून सत्तावीस तारीख. त्याच्या आधीच नितेशपाशी जाऊन बोलली तं साहेब मधात पडतात, कागद दाबतात. एक्झिट इंटरव्ह्यूचा कागद सरळ हैदराबादले हेड ऑफिसले जाते, साहेबाच्या हातात येत नाई. तुहाही तसाच गेला होता.

तवापासून जो तो मले शिकवून राहिला. गजेंद्र म्हणते, 'जाता जाता कायले वैर घेतं? हो हो म्हणायचं, सही करायची, निंगून यायचं.' अपेक्षानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला, एक्झिट इंटरव्ह्यू कसा द्यावा म्हून. टाय लावलेला माणूस सांगते, शांत राहा, मुद्दे लिहून न्या, कोणाचं नाव घेऊ नका, तक्रार नका करू, सूचना करा, अन् हसतमुखानं आभार माना. म्या दोनदा पाह्यला. नाव न घेता सांगायचं तं काय सांगू? का एका बाईनं एका बाईले एका दिवशी बुडवलं, सूचना अशी आहे का बुडवू नये?

मुद्दे मात्र लिहिले. पयला मुद्दा हजेरीचा. तो तुले माहीतच आहे, पण माह्या हातानं एकदा लिहू दे.

पंधरा, सोळा, सतरा मे. तुह्या भाचीचं लग्न होतं मोझरीले, गुरुकुंज आश्रमात, अन् तुह्या साऱ्या सुट्ट्या आईच्या दवाखान्यात संपल्या होत्या. मीच म्हटलं, 'जा बिनधास्त, हजेरी मी लावते.' आपल्याकडं असं कोण नाई करत? माह्या पोरीच्या दहावीच्या वक्ती त्वा माही लावली होती. हजेरीपटावर तीन दिवस तुही सही म्या केली. तुह्यासारखा तो चं काढला, वर टिंब जरासं डाव्या बाजूले. तू लग्नात वाढत होती अन् कागदावर तू अकोल्यात टेबलावर बसली होती. म्हून मग तुले सिद्धच करता आलं नाई का सतरा तारखेले, तो आकडा पडला तवा, तू तिथी नव्हती.

अन् त्वा ऑगस्टात ते सांगतलंही नाई. इंटरव्ह्यूत त्वा एवढंच म्हटलं, 'तो आकडा माहा नाई, दीपमालाताईले विचारा, ती खरं सांगते.' हजेरीचं बोलली असती तं माही नोकरी गेली असती. तुही जाऊन राहिली होती अन् तू माही वाचवत होती.

दीपमाला


अकोला,
शुक्रवार, २० फेब्रुवारी

चंदा,

सहदेवभाऊचा फोन आला होता. बोलले सरळच: 'वहिनी, पत्रं नका पाठवू. चंदा वाचते, अन् मग दिवसभर कोणासंग बोलत नाई. गिऱ्हाईक समोर उभं राहते तरी बोलत नाई.' मी म्हटलं, बरं. अन् पाह्य, लिहूनच राहिली. मी अशीच आहो. हो म्हणायले माहं काही जात नाई.

वाचते म्हणाले, ते मनात धरलं.

शेवटच्या दिवसाची तयारी जोरात आहे. उत्तमराव साहेबानं सांगतलं, 'सतरा वर्षं झाली मॅडमले, निरोप जोरात झाला पाह्यजे.' शाल, श्रीफळ, चिवडा, पेढे. सकाळी निरोप समारंभ अन् मग लगेच इंटरव्ह्यू. आधी अंगावर शाल घालायची, तोंड गोड करायचं, अन् मग विचारायचं, काही तक्रार? आपल्या लोकाईची ही रीतच भारी. शाल घेतलेला माणूस काय बोलते? सतरा वर्षांत किती जण त्या खोलीत गेले, सारे शालीसकट. तुलेच कोणी शाल दिली नाई. तूच एकटी त्या खोलीत मोकळ्या खांद्यानं गेली, अन् तूच एकटी खरं बोलली.

त्या दिवसाचं लिहिते. टाळत होती.

सहा ऑगस्ट. जूनमध्ये लोक थैल्या अन् मुठीत माती घेऊन गेटवर आले होते. पेरलेले दाणे तसेच होते मातीत, फुगलेले, कोंब नाई. पंचनामे झाले. हेड ऑफिसले एक नाव पाह्यजे होतं, अन् रजिस्टरवर नाव तुहं होतं. राजीनामा दे नाई तं काढून टाकतो, असं तुले सांगतलं. मग तो इंटरव्ह्यू. अर्ध्या तासानं नितेशनं मले बोलावलं. तू बाहेर काचेपाशी उभी, हातात डब्याची पिशवी. नितेशनं विचारलं, 'ताई, चंदाताई म्हणतात तो आकडा त्यांचा नाही. तुम्हाला काय माहीत आहे?'

मी म्हटलं, 'मी माह्या टेबलावर होती. मले काही माहीत नाई.'

तेवढं म्हणून थांबली असती तरी चाललं असतं. त्यानं पुन्हा विचारलं, 'त्या कामात कशा आहेत?' तवा मी म्हटलं, 'चांगली आहे, पण घाई करते.' काचेतून तुले ऐकू आलं का नाई मले माहीत नाई. तुहं तोंड पाहून वाटलं आलं. मी बाहेर आली, तू म्हणाली, 'ताई, घाई?' अन् डब्याची पिशवी घेऊन चालली गेली. आठ वर्षं संग काम केलं आपण, अन् तू माह्याशी बोललेला शेवटचा शब्द तो.

तू कधीच घाई नाई केली. नववा दिवस लागला तरी चालेल पण मोजायची ती नीट, म्हून साहेबाच्या शिव्या खाल्ल्या त्वा. मले हे पाठ होतं अन् तरी मी ते बोलली. काहून बोलली, ते आज लिहून नाई होत. नंतर लिहीन.

सात दिवस राहिले. रोज सकाळी उठली का पयले हेच, बोलणार का मी? आरशात पाहून एकदा बोलून पाह्यलं. माहंच मले खरं वाटलं नाई.

दीपमाला


अकोला,
शनिवार, २८ फेब्रुवारी

चंदा,

बोलली मी.

सारं सांगते. सकाळी अकरा वाजता निरोप झाला. अपेक्षानं रांगोळी काढली होती, बेबीताई रडत होती, खोटं नाई, खरंच रडत होती. उत्तमराव साहेबानं भाषण केलं. म्हणे, 'मॅडमनं सतरा वर्षांत एकदाही मले प्रश्न विचारला नाई.' लोकाईनं टाळ्या वाजवल्या. मले वाटलं जमीन फाटावी. साहेबानं स्वतः शाल पांघरली. नारळ हातात दिला. तसंच, शाल अंगावर, नारळ हातात, मी त्या खोलीत गेली.

नितेशनं लॅपटॉप उघडला. पयला प्रश्न, सोडण्याचं मुख्य कारण. त्यानं स्वतःच म्हटलं, 'घरगुती टाकू ना ताई? बहुतेक सगळे तेच टाकतात.' मी म्हटलं, 'थांबा.' शाल काढली, घडी केली, टेबलावर ठेवली. नारळ तिच्यावर ठेवला. हात मोकळे झाल्यावर बरं वाटलं.

मग म्या त्याले समजावलं. त्याले बियाण्यातलं काहीच माहीत नाई. आठ दिवस म्हणजे काय, पाचव्या दिवशी काय दिसते अन् काय दिसत नाई, सारं. मग हजेरीपट. मी म्हटलं, 'पंधरा, सोळा, सतरा मे, तिन्ही दिवसाच्या चंदाच्या सह्या माह्या हाताच्या आहेत. चंदा मोझरीले लग्नात होती. फोटो असतील, पत्रिका असेल, शंभर माणसं सांगतील.' तो टाइप करता करता थांबला. म्हणे, 'ताई, हे लिहू का? तुमच्यावर येते.' मी म्हटलं, 'लिहा. मी तं चाललीच.' सोडून चाललेल्या माणसाचं धाडस आहे हे, त्याले काही मोल नाई. पण लिहिलं गेलं, तेवढं खरं.

मग त्यानं विचारलं, 'मग आकडा कोणी टाकला? आणि सही?'

तो प्रश्न येणारच होता. म्या साहेबाचं नाव घेतलं. तू पण तेच म्हणत होती ना ऑगस्टात, साहेबाचंच काम असेल म्हून. मीही तेच म्हटलं. त्यानं ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, म्या चार पानाईवर सही केली. माही, दीपमालाची सही.

'चंदाची फाइल दुरुस्त करा,' एवढं म्हणून उठली. नितेश म्हणे, 'ताई, शाल राहिली.' मी म्हटलं, राहू द्या. त्यानं दारापर्यंत आणून दिली. आता ती कपाटात आहे.

घरी येऊन झोपली, दुपारची चार तास झोपली. गजेंद्र म्हणे, कितीक महिन्यानं अशी झोपली तू. उठली तं तोंड कडू होतं. तुह्या फाइलीचं काम झालं असं वाटते. झालं पाह्यजे. एवढंच.

दीपमाला


अकोला,
मंगळवार, १७ मार्च

चंदा,

तुहं पत्र काल आलं. फुलाच्या दुकानाच्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर, तुह्या बारीक अक्षरात. दारातच उभी राहून वाचलं.

तू लिहिलं का कंपनीचं पत्र आलं, 'निष्काळजीपणा'चे शब्द काढले, चौकशीत तू निर्दोष ठरली. अमरावतीच्या लॅबनं एक एप्रिलपासून बोलावलं. सहदेवभाऊनं दुकानावर पेढे वाटले. अन् तू लिहिलं, 'ताई, तू उशिरा बोलली पण बोलली. सहा महिने मी तुले शिव्या दिल्या, त्या वापस घेते. पाडवा झाला का रविवारी येते, बावीसले. दिवसभर राहीन. कोणाले बोलावू नको, आपण दोघीच बसू.'

मी ते पत्र घडी करून ठेवलं, पुन्हा उघडलं, पुन्हा ठेवलं. अशी वाट मी तुह्या अक्षराची सात महिने पाह्यली, अन् आलं तवा मले ते हातात धरवेना.

आता खाली जे लिहिते ते वाच. उभ्यानं नको वाचू, बस.

उत्तमराव साहेबाले काढलं. माह्या चार पानाईवरून. हेड ऑफिसले पंचनाम्यापासून ते नकोच होते, फक्त कागद पाह्यजे होता. दोन वर्षं राहिली होती त्याईच्या रिटायर व्हायले. परवा, रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास ते माह्या घरी आले. स्कूटर रस्त्यावरच लावली, फाटकात उभे राहिले. मले वाटलं शिव्या देतील, मी तयार होती. शिव्या दिल्या असत्या तं बरं होतं. आत येऊन बसले अन् म्हणे, 'मॅडम, एकच विचारायले आलो. तो शहात्तरचा आकडा म्या टाकला होता का? मले आठवत नाई. दिवसाले धा रजिस्टर पाहत होतो. सत्यभामा रोज विचारते घरी, टाकला का तुमी? मी नाई म्हणतो, अन् मग मलेच वाटते, टाकला असेल. तुमी तिथी होत्या. तुमी सांगा, मी मानून घेईन.'

साठीले आलेला माणूस. तो माह्याकडं अशा नजरेनं पाहत होता का मी जे म्हणीन तेच खरं.

मी म्हटलं, 'चहा ठेवते.' आत गेली. गॅसपाशी उभी राहिली. चहा उतू गेला. बाहेर आली तं ते निंगून गेले होते.

चंदा, तो आकडा म्या टाकला.

सतरा मे, शनिवार. तू मोझरीले. साहेब दारातून 'पाहून घ्या' म्हणाले अन् जेवायले गेले. म्या तुहे कागद उघडले. पाचव्या दिवशीच दिसत होतं, अर्धे दाणे मेलेले. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. म्या शहात्तर लिहिलं. टेबल तुहं, म्हून सही तुही लागत होती. तीन दिवस हजेरीपटावर तुहा चं काढून काढून हात बसला होताच. रजिस्टरवरही काढला. दोन मिनिटं नाई लागली. त्या वक्ती मनात काहीही आलं नाई, हे तुले सांगते. भीती नाई, लाज नाई. फक्त हॉर्न बंद झाला याचं बरं वाटलं.

तू सोमवारी आली, कागद कुठी आहेत विचारलं. म्या सांगतलं, साहेबानं आकडा टाकला, तू गप राह्य, नाई तं हजेरीचं निंगन. तू गप राहिली. म्हून तुले ऑगस्टात वाटत होतं का साहेबाचं काम आहे. ते तुह्या मनात आपोआप नाई आलं. म्या टाकलं.

अजून आहे. कागद म्या फेकले नव्हते, खालच्या कप्प्यात ठेवले होते. आठव्या दिवशी, वीस तारखेले, तू जेवायले गेली तवा उघडून मोजले. चौपन्न. थैल्या तवा दुकानातच होत्या, पेरणीले महिना होता. एक फोन केला असता तं साऱ्या वापस आल्या असत्या. ना कोणाच्या वावरात मेलं बियाणं पडलं असतं, ना तू त्या काचेपाशी उभी राहिली असती. म्या कागद गुंडाळले, कचऱ्यात टाकले, हात धुतले अन् तुह्यासंग बसून जेवली. त्या दिवशी तुह्या डब्यात मुगाची भाजी होती.

अन् 'घाई करते' काहून म्हटलं ते आता सांगते. नितेश रजिस्टर पुन्हा काढून पाहीन, दोन सह्या शेजारी ठेवीन, अशी भीती वाटली. तू घाईची म्हटलं का गोष्ट तिथंच संपते असं वाटलं. संपली पण.

अठ्ठावीस तारखेले म्या तुले लिहिलं, बोलली मी. बोलली, पण एवढं सोडून. खोलीत जाईपर्यंत खरंच वाटत होतं का सारं सांगीन. मुद्द्याच्या कागदावर शेवटचा मुद्दा लिहिलाही होता: आकडा माहा. नितेशनं विचारलं, कोणी टाकला, अन् माह्या तोंडातून साहेबाचं नाव निंगालं, जसं काही ते म्याच पाह्यलं. तुहं नाव सुटलं, माहं सुटलं, तिसराच अडकला. म्हून दुपारी चार तास झोप लागली.

काल नितेशले फोन केला. सांगतलं त्याले, आकडा माहा होता. त्यानं आधी दार लावल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणे, 'ताई, तुम्ही आता कंपनीत नाही. एक्झिट इंटरव्ह्यू एकदाच होतो. हे मी वर कळवलं तर सगळं पुन्हा उघडते, अन् चंदाताईचं पत्रही परत मागवतील, चौकशी संपेपर्यंत. विचार करा.' अन् म्हणे, 'मी हा फोन ऐकला नाही असं समजतो.'

म्हणजे साहेबाले सोडवायचं तं तुही नोकरी अडकते, अन् तुही वाचवायची तं तो माणूस घरी बसून स्वतःलेच विचारत राहते. मी रस्ता काढून काढून थकली. आधी वाटलं, तुलेच विचारावं, तूच सांग. मग लक्षात आलं का पुन्हा मी तुह्याच टेबलावर आणून ठेवून राहिली. म्हून नाई विचारत. एक तारखेले तू कामावर रुजू हो. तुही हजेरी तिथल्या पटावर लागली का मी हैदराबादले लेखी पाठवीन, तवा ते तुले नाई, मले बोलावतील अशी आशा करते. खात्री नाई. उत्तमराव साहेबाच्या घरी मात्र आज संध्याकाळी जाते. त्याईले सांगते का तुमाले आठवत नाई कारण तुमी केलंच नाई. सत्यभामाबाईच्या समोर सांगते. पुढं ते काय करतील ते करतील.

तू ज्या ताईले भेटायले रविवारी निंगणार होती, तिनं खरं बोलल्याचं त्वा लिहिलं. तशी ताई नाई. हे वाचल्यावर तू येणार नाई, अन् त्वा येऊ नये असंच मले वाटते, अन् तरी कालपासून मी घर झाडून राहिली.

आता तीन वाजले. पोस्टाची पेटी साडेचारले उघडतात, आज टाकलं तं शुक्रवारपर्यंत तुह्या हातात पडते. उद्यावर ठेवलं तं काय होईल ते मले ठाऊक आहे. मी सकाळी उठून याच्यातलं मधलं पान काढून घेईन अन् बाकीचं पाठवीन. म्हून चपला घातल्या आहेत, अन् उभ्यानंच हे शेवटचं लिहून राहिली.

दीपमाला